पदकाच्या काठावरची अक्षरं

सोळा वर्षं मी वाळूजच्या एका कारखान्यात माल नापास करायचं काम केलं. इंजिनात बसणारे लहान लहान भाग माझ्या टेबलावर यायचे. मी ते मापायचो, भिंगाखाली धरायचो. ओतकामात बुडबुडा राहिलेला दिसला, कुठं कड चुकलेली दिसली, की त्यावर लाल खडूनं फुली मारून बाजूच्या पेटीत टाकायचो. माझ्या हाताखालून गेलेला माल कधी परत आला नाही, याचा मला फार अभिमान होता. घरीही मी तसाच झालो होतो. बायको म्हणायची, "तुमच्या डोळ्यांना चांगलं काही दिसतच नाही." ती वैतागून म्हणायची आणि मला ती शाबासकी वाटायची.

मग ते काम मशीन करायला लागलं आणि एका दुपारी आमच्या सगळ्या खात्याला घरी पाठवलं.

तो दुष्काळाचा पहिला उन्हाळा होता. शहरात नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी यायचं. प्रत्येक घरासमोर निळे ड्रम उभे. आमच्या न्हाणीत सासऱ्यांनी दिलेला पितळी बंब होता, तो कित्येक महिन्यांत पेटला नव्हता. बायको म्हणाली, "ह्याला भरायला पाणी कुठून आणायचं? देऊन टाका." म्हणून तो सायकलला बांधून मी औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत, माडीवरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानी गेलो.

दुकानाचे मालक साठीचे होते, हळू बोलणारे. सगळे त्यांना शेठ म्हणायचे. ते एका माणसाशी तलवारीचा सौदा करत होते. तलवार काउंटरवर पडलेली होती. मला कुणी विचारलं नव्हतं, पण हात गेला. मुठीच्या आतल्या अंगाला ओतकामाची बारीक शिवण होती. पात्यावर ग्राइंडरचे चरे होते, एकसारखे, एका दिशेनं गेलेले. "हे दोन-तीन वर्षांतलं काम आहे," मी म्हणालो. आणणारा माणूस तलवार चादरीत गुंडाळून जिना उतरून गेला. शेठनं चहा मागवला आणि माझ्याकडं कप सरकवत विचारलं, "उद्यापासून बसणार का इथं?"

असा मी त्या धंद्यात शिरलो. धातू मला कळत होता, बाकीचं शेठनं शिकवलं. जुन्या पात्याचा गंज काळा असतो, पोलादाला घट्ट धरून बसतो. नव्याचा गंज नारिंगी, बोटाला लागतो. मुठीत पातं बसवायला लाख भरतात. शंभर वर्षांची लाख विटकरीसारखी कोरडी होते. परवाची असेल तर सुई तापवून टोचली की वास येतो. मूठ जिथं तळहातात बसते तिथंच झिजली पाहिजे. बनावट करणारे ती सगळीकडं सारखी घासतात. नव्या तलवारी ओल्या शेणात मीठ घालून चार-चार महिने पुरून ठेवणारे लोक होते. त्या वर्षी तर त्यांना आयतीच गोष्ट सापडली. जायकवाडीच्या नाथसागराचं पाणी आटलं, जुन्या गावांची जोती उघडी पडली, आणि जो तो येऊन सांगायला लागला, "नाथसागराच्या गाळात सापडली." गाळ खरा असायचा. तलवार मात्र नवी.

आणि गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. एकीकडं गावं टँकरची वाट बघत होती आणि दुसरीकडं बायपासच्या बाजूनं बंगले उठत होते, हॉटेलं उठत होती. त्या सगळ्यांना दिवाणखान्यात ढाल-तलवार हवी होती. खेड्यांतून जुनं सामान पोत्यांनी येत होतं. त्यात शंभरात एखादी वस्तू खरी निघायची, आणि ती कुठली हे सांगायला मी होतो. वर्षभरात लोक मला पारखी म्हणायला लागले. शेठनं माझी खुर्ची दारासमोर मांडली. एकदा एक निवृत्त मास्तर पूर्वजांची तलवार घेऊन आले. दर दसऱ्याला पूजा करत होते. मी बघितलं आणि सांगितलं, ही लग्नाच्या वरातीत नाचवायची तलवार आहे, हिला कधी धारच नव्हती. त्यांनी ती होती तशीच, तितक्याच काळजीनं पुन्हा फडक्यात गुंडाळली. जिन्यात त्यांचा पाय चुकला, तेवढं आठवतं. मला वाईट वाटलं नाही. नापास माल नापासच.

दुसऱ्या उन्हाळ्यात ती म्हातारी आली.

दारातूनच तिनं विचारलं, "जुनं-पानं वळखणारा मानूस कोन हाय हितं?"

उंच, वाळलेली, पायात चांदीचे वाळे. बरोबर तिची सून होती. पाचोडच्याही पुढच्या एका वस्तीवरून एसटीनं आल्या होत्या. मेंढरांवर जगणारी माणसं. दुष्काळी छावणीत गुरांना चारा मिळत होता, मेंढरांना तिथं थारा नव्हता. तिचा मुलगा निम्मा कळप घेऊन पाण्याच्या मागं गोदावरीच्या खालच्या अंगाला गेला होता. हे सगळं सून सांगत होती. म्हातारीचं लक्ष माझ्या हातातल्या भिंगाकडं होतं.

तिनं गळ्यातून काळं पोत काढलं. त्यात मधोमध रुपयापेक्षा मोठं एक पदक ओवलेलं होतं. कडेनं सोनारानं चांदीची पट्टी मारून वर कडी डाखलेली.

"माझ्या आजेसासऱ्याचं हाय," ती म्हणाली. "त्यो लामावर गेलता."

लाम म्हणजे लढाई. आमच्याकडची जुनी माणसं पहिल्या महायुद्धाला असंच म्हणायची.

"समिंदर वलांडून गेलता. घोड्यावरचा शिपाई. ह्यो बघा, ह्यो त्योच." तिनं बोट ठेवलं. पदकाच्या एका बाजूला राजाचं तोंड होतं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला पुरुष. त्याच्या अंगावर एक कपडा नव्हता. सुनेनं पदर तोंडाला लावला. म्हातारी गंभीरपणे म्हणाली, "म्हून ही बाजू मी आतल्या अंगाला घालते."

मी हसलो. शेठही हसले.

मग तिनं कामाचं सांगितलं. तिला ते विकायचं नव्हतं. गावात पंचायतीसमोर एक शिळा उभी करायचं ठरलं होतं. गावातून लामावर गेलेल्यांची नावं तिच्यावर कोरायची होती. शेतीवाल्या घरांनी आपापल्या पणजोबांची नावं दिली आणि ती लिहून घेतली गेली. हिच्या मुलानं नाव सांगितलं तेव्हा बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, मेंढरांमागं हिंडणाऱ्यांतलं कोण लढायला गेलं होतं? पुरावा आणा.

"तवा तुमी चिठ्ठी द्या," ती म्हणाली. "खरं हाय म्हून लिवा. तुमचं समदे ऐकत्यात म्हणं."

म्हातारीच्या नातीनं वहीच्या कागदावर आजेसासऱ्याचं नाव आणि गाव लिहून दिलं होतं. सुनेनं तो कागद माझ्यासमोर ठेवला. दोघींपैकी कुणीही ते नाव तोंडानं घेतलं नाही.

मी पदक हातात घेतलं. असली पदकं मी आधी दोन पाहिली होती, दोन्ही चांदीची. हे तांबूस होतं. वजन करून बघितलं, कडीजवळ नखाएवढ्या जागी घासून बघितलं. आतही तांबूसच. वरची कडी मूळची नव्हती. राजाच्या गालावर एक तिरकी चीर होती आणि त्याचे डोळे, नाक, दाढी सगळं मऊ पडलेलं, साच्यातून ओतून काढलेल्या वस्तूसारखं. खऱ्या पदकाच्या काठावर शिपायाचं नाव आणि नंबर ठोकलेला असतो, हे मला माहीत होतं. काठ तर सोनाराच्या पट्टीखाली झाकलेला.

"पट्टी काढून बघू का?" मी शेठना विचारलं.

"कशाला?" शेठ म्हणाले. "म्हातारीचा दागिना मोडशील. तुला दिसतंय ना जे दिसायचं ते?"

मला दिसत होतं. निदान तसं मला वाटत होतं. पन्नास वर्षं माणसाच्या कातडीला आणि लुगड्याला घासून वस्तू मऊ पडते, हे मला कळायला हवं होतं. मी रोज तलवारींच्या मुठींत नेमकं तेच शोधत होतो. पण समोर अंगठी घातलेली दोन-तीन गिऱ्हाइकं बसली होती, आणि त्यांच्यासमोर मला विचार करत बसायचं नव्हतं.

"आजी," मी म्हणालो, "हे पदक चांदीचं असतं. हे तांब्याचं आहे. कुणीतरी साच्यातून ओतून घेतलंय. नकली आहे."

तिला शब्द कळला नाही की पटला नाही, कोण जाणे. "म्हंजी?"

"खोटं आहे."

"मग त्यो आमच्यासंगं खोटं बोलला व्हय?"

याचं उत्तर देणं माझं काम नव्हतं. तरी मी दिलं. "ते मला सांगता येणार नाही. वस्तू खोटी आहे, एवढंच मी सांगतो."

"माझ्या लगनात त्यानं सोताच्या हातानं घातलं ह्ये," ती म्हणाली. "चार नातसुना व्हत्या. मलाच घातलं." ती माझ्याशी बोलत नव्हती. पोत तिनं टेबलावर ठेवलं होतं, ते सुनेनं उचलून तिच्याकडं धरलं. "आत्याबाई, घ्या की."

"नगं." तिनं पदकाची कडी पोतातून सोडवली. नुसतं काळं पोत गळ्यात घातलं आणि उठली. "खोटं गळ्यात कशाला?"

शेठ हळू आवाजात म्हणाले, "राहू द्या. आम्ही मोडीत टाकू." आणि पदक ड्रॉवरमध्ये ठेवलं. नातीचा कागद माझ्या वहीत राहिला.

घरी मी ही हकिकत मजेनं सांगितली, उघड्या घोडेस्वारासकट. बायको हसली नाही. म्हणाली, "मग द्यायची होती चिठ्ठी लिहून. दगडावर एक नाव वाढलं असतं." मी चिडलो. खोटा माल मी पास करत नाही, असं काहीतरी बोललो. त्यावर ती जे म्हणाली ते मला लागलं. ती म्हणाली, "माल म्हणू नका हो."

पुढं एक पाऊस बरा झाला, मग पुन्हा दोन वर्षं कोरडी गेली. शेठचं दुकान गल्लीतून मोठ्या रस्त्यावर आलं. एका डॉक्टरांनी बायपासजवळ नवा बंगला बांधला होता. त्यांना जुन्या लष्करी वस्तूंचा नाद होता. त्यांच्या दोन कट्यारी बघायला मला बोलावलं. कट्यारी बघून झाल्या आणि ते मला आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथं निळ्या मखमलीवर, काचेखाली पदकं मांडलेली. "ह्यातलं एक सगळ्यात दुर्मीळ आहे. ओळखा बघू," ते म्हणाले.

मी ओळखलं, पण त्यांना हवं होतं तसं नाही. राजाच्या गालावरची तिरकी चीर मला लांबूनच दिसली.

"चांदीची हजारांनी आहेत," डॉक्टर सांगत होते. "ही काशाची. लढणाऱ्यांना चांदीची दिली, आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या हमालांना, पखालीवाल्यांना, घोड्यांच्या मोतद्दारांना ही. गरिबांची पदकं. त्यांनी ती मोडून खाल्ली, म्हणून आता मिळत नाहीत. तुमच्याच शेठकडून घेतलं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी काच उघडायला सांगितली. सोनाराची पट्टी काढून टाकलेली होती. इतकी वर्षं झाकलेला काठ नवा वाटत होता. अक्षरं काल ठोकल्यासारखी स्वच्छ. आधी नंबर, मग इंग्रजीत 'ग्रास कटर', मग एक नाव, मग रिसाल्याचं नाव. साहेबानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं ते नाव मी मनात दोनदा वाचलं. नातीच्या वळणदार अक्षरात हेच नाव माझ्या वहीत होतं.

मी पदक मखमलीवर परत ठेवलं. डॉक्टर विचारत होते, "कसं वाटलं?" मी म्हणालो, "अस्सल आहे."

दुकानात परत आलो तेव्हा शेठ एकटेच होते. मी उभ्यानंच विचारलं, "ते पदक खरं आहे हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?"

त्यांनी कुठलं ते विचारलंही नाही. "शंका होती."

"मग बोलला का नाहीत?"

"मी कशाला बोलू? बोलायला तुला ठेवलंय." ते रागावले नव्हते. समजावून सांगत होते. "मी नकली म्हणालो असतो तर तिनं विश्वास ठेवला नसता. माझा धंदा आहे, तिलाही कळतं. तू म्हणालास म्हणून ठेवला. तुझ्या तोंडचं लोक खरं मानतात. आणि मी तुला खोटं बोलायला लावलं का? तुला वाटलं ते तू बोललास."

हे सगळं खरं होतं. त्या दुकानात मी अशी किती माणसं परत पाठवली होती, आणि त्यांनी मागं ठेवलेल्या किती वस्तू ड्रॉवरमध्ये गेल्या होत्या, हे मी मोजायला गेलो तर मला आठवेनात. वस्तू आठवत होत्या, माणसं आठवत नव्हती. मी माझं भिंग उचललं आणि बाहेर पडलो. शेठनं थांबवलं नाही.

आठवडाभरानं मी पुन्हा डॉक्टरांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "वाईट झालं. पण मी रीतसर घेतलंय. आणि त्या लोकांकडं ते टिकलं असतं का? इथं निदान सांभाळलं जाईल." मी फोटो मागितले. काठाचे, दोन्ही बाजूंचे. त्यांनी दिले. बदल्यात त्यांना माझ्या सहीचा कागद हवा होता, पदक अस्सल असल्याचा. मी दिला. म्हातारीनं मागितलेली चिठ्ठी मी अशी डॉक्टरांना लिहून दिली. तशीच एक तिच्यासाठीही लिहिली.

पाचोडच्या बाजाराच्या दिवशी मी निघालो. पाचोडला उतरून जीप धरली. गावात शिरताना पहिली दिसली ती शिळाच. काळा दगड, त्यावर सोनेरी रंगात पाच नावं. शिळेच्या चौथऱ्यावर रिकामे हंडे रांगेत मांडलेले, टँकर यायचा होता.

वस्ती गावाबाहेर होती. म्हातारी लिंबाखाली बसून चातीवर लोकर कातत होती. तिनं मला लगेच ओळखलं. आत तोंड करून सुनेला म्हणाली, "अगं ए, त्यो खोटं हाय म्हणनारा आलाय."

मी खाली जमिनीवर बसलो. "आजी, माझं चुकलं. पदक खरं आहे."

चाती फिरत राहिली. "व्हय?"

"होय."

"मग आन हिकडं." तिनं हात पुढं केला.

एवढं साधं मागणं, आणि त्याची मी तयारी केली नव्हती. मी पिशवीतून फोटो काढला. तिनं तो घेतला नाही. "ते मला मिळालं नाही," मी म्हणालो. "दुसऱ्याकडं गेलंय. तो देत नाही." तिनं हात मागं घेतला आणि चातीचा धागा जोडला.

सून पाणी घेऊन आली. तांब्याच्या तळाला जेमतेम चार घोट होते. तिनं विचारलं, "काय लिवलंय त्याच्यावर?"

मी वाटभर याच प्रश्नाचा विचार करत आलो होतो. घोडेस्वार म्हणून सांगितलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण एकदा चुकीचं सांगून झालं होतं. "त्यांचं नाव आहे, नंबर आहे," मी म्हणालो. "आणि काम लिहिलंय. रिसाल्यातल्या घोड्यांसाठी गवत कापायचं."

म्हातारीनं पहिल्यांदा काम थांबवलं.

"गवात?"

"होय."

तिनं चाती मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "दोन्ही हातांनी इळा चालवायचा त्यो. डाव्यानं बी, उजव्यानं बी. गावात कुनाला जमलं नाय तसं. आन सांगायचा, तिकडचं गवात पिवळं असतंय, ताठ असतंय, हाताला कापतंय. आमी हासायचो, शिपायाला गवताचं काय घेनं-देनं." तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी हसूच म्हणेन. "आसं व्हतं व्हय."

तेवढ्यात तिचा मुलगा आला. पन्नाशीचा, उन्हानं करपलेला. सुनेनं त्याला सांगितलं आणि तो माझ्यावरच आला. "आधी खोटं म्हणला, म्हातारीचं पदक ठिवून घेतलं. आता गवत्या म्हणतू? गावात तोंड दावायला जागा ठिवनार हाय का नाय?" मी म्हणालो, चला, आपण पंचायतीत जाऊ, मी सांगतो त्यांना. तो येत नव्हता. म्हातारी म्हणाली, "जा. बघ काय म्हणत्यात."

पंचायतीत गावातले एक पुढारी बसले होते. शिळेचं काम त्यांनीच केलेलं. त्यांनी माझी चिठ्ठी वाचली, फोटो नीट बघितले, मला खुर्ची दिली. मग म्हणाले, "शिळा लढलेल्यांची हाय. गवत कापणाऱ्याचं नाव घातलं तर उद्या सैपाकी येतील, न्हावी येतील."

मी म्हणालो, तो त्याच बोटीतून गेला, त्याच गोळ्यांखाली गवत कापत होता. सरकारनं त्याचं नाव धातूवर ठोकलं. तुमच्या पाच नावांना तरी काय पुरावा होता?

ते हसले. "ती घरं आमाला ठाऊक हायती. आन पाव्हणं, म्हातारीनं तवा येऊन सोताच सांगितलं की शहरातल्या पारख्यानं नकली म्हणलंय. त्यो पारखी तुमीच ना?"

"मीच."

"मग आमी तुमचं कवाचं खरं मानायचं? तवाचं का आताचं?"

मुलगा बाहेर पडला. मी मागून गेलो. टँकर आला होता, शिळेभोवती बायकांची गर्दी झाली होती. तो गर्दीतून सरळ वस्तीकडं चालत गेला. त्यानं एकदाही वळून बघितलं नाही.

मी परत जाऊन म्हातारीला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. चिठ्ठी तिच्याजवळ ठेवली, ती तिनं वाऱ्यानं उडू नये म्हणून खड्याखाली सरकवली, एवढंच. मी पुन्हा म्हणालो, "आजी, माफ करा." ती म्हणाली, "तू आता जा. आन परत नगं येऊ." आवाजात राग नव्हता. मला राग परवडला असता.

सून मला जीपच्या वाटेपर्यंत सोडायला आली. चालता चालता म्हणाली, "तुमाला येक सांगू का? तवा शहरातून आल्यापासून आत्याबाईंनी लामाचं सांगनंच सोडलं. आधी रोज सांगायच्या पोरांना. बोट कशी हालायची, घोडी कशी बिथरायची, उंटाचं दूध कसं खारं लागायचं. पोरं मागं लागायची. आता सांगा म्हणलं तरी सांगंनात. थोरलीला आठवतंय थोडं थोडं. धाकट्याला काईच म्हाईत नाय."

"आज सांगतील कदाचित," मी म्हणालो. "आता खरं कळलंय."

ती थांबली. "आता त्यांना बी आठवत नाय हो समदं," ती म्हणाली. "तीन वर्सं बोलल्या नायत ना."

जीप आली. मी मागं बसलो. ती तशीच उभी होती, डोळ्यांवर हात धरून. पाचोडचा बाजार उठत होता. लोक उरलेली मेंढरं पायांना बांधून टेम्पोत चढवत होते.